दादाच्या नावाची झोप

१

ट्रकच्या अड्ड्यावर त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तिथे तो 'इंजिन' होता. गाडीचं इंजिन बंद झालं की याचं सुरू होतं, हा तिथला जुना विनोद. गोदामापुढे गाड्यांची रांग लागली की तो सीटमागच्या झोपायच्या फळीवर आडवा व्हायचा, निळा पडदा ओढून घ्यायचा, आणि जरा वेळाने शेजारच्या केबिनची दारं धाडधाड उघडायची. "इंजिन तापलं रे! गाड्या लांब घ्या!" कुणीतरी ओरडायचं. तो डोळे चोळत खाली उतरला की सगळे त्याच्याकडे बघून हसायचे, आणि तोही हसायचा. थट्टा पोटात घालायची त्याला सवय होती, आणि पोटही त्याच मापाचं होतं.

घरात तो थोरला. त्याच्या पाठचा एकच भाऊ, धाकटा. आपणही त्यांना तसंच म्हणू.

थोरला फरशांच्या पेट्या वाहायचा. कारखान्यात भरायच्या, दिवसभर चालवायचं, दुसऱ्या टोकाला गोदामात उतरवायच्या. इतकी वर्षं एका सीटवर बसून त्याच्या कमरेचा ओंडका झाला होता. केबिनमधून उतरताना गुडघे कुरकुरायचे, संध्याकाळी पाय सुजून बुटात मावेनासे व्हायचे. हे सगळ्याच चालकांचं असतं, त्याचं कुणी मनावर घेत नाही. त्याला खरी लाज वाटायची ती झोपेची. बायकोने आपली गादी कधीच बाहेरच्या खोलीत, मुलीशेजारी नेली होती. भांडून नव्हे. एका सकाळी तिने नुसती उशी उचलली आणि म्हणाली, "अहो, मलाही सकाळी कामावर जायचं असतं हो." तेव्हापासून तो दार लावून झोपायचा. तरीही सकाळी मुलीच्या कानांत कापसाचे बोळे दिसायचे.

आणि एवढं झोपून उठायचा तो दमूनच. डोकं जड, जीभ कोरडी, रात्रभर कुणी छातीवर बसून राहिल्यासारखं. दुपारकडे गाडी चालवताना पापण्या अशा खाली यायच्या की तो गालाचं आतलं मांस दातांत धरायचा, मांडीवर चापट्या मारायचा, खिडकीतून डोकं बाहेर काढून शिव्या द्यायचा. त्याही स्वतःलाच.

एका दुपारी चाकाखाली खडी वाजली, आणि त्याने डोळे उघडले. उघडले म्हणजे ते मिटलेले होते. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारी माणसं दोन्ही बाजूंना उड्या टाकत होती. रंगाचा डबा चाकाखाली फुटला. कुणाला लागलं नाही. आरशात त्याला चरात बसलेला एक माणूस दिसला, दोन्ही हातांनी डोकं धरून. थोरला थांबला नाही. पुढच्या पंपावर त्याने चाकाचा पांढरा रंग घासून घासून काढला आणि घरी जाऊन जेवला. यातलं अवाक्षर त्याने कुणाला सांगितलं नाही.

२

मग कंपनीने चालकांची तपासणी सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी वजन घेतलं, रक्तदाब घेतला, आणि शेवटी टेप काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली.

"शर्ट शिवताय की काय बाई?" थोरल्याने विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "झोपेत श्वास थांबतो का तुमचा?"

"झोपेत मला काय कळणार?"

"घरच्यांना कळतं. कधी विचारलंत?"

त्याने कधी विचारलं नव्हतं.

"गाडी चालवताना डोळा लागतो?"

"छे!" तो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला उगाचच वाटलं की चाकावर अजून कुठेतरी पांढरा रंग राहिला असणार.

बाईंनी समजावून सांगितलं. झोपेत घशाचं मांस सैल पडतं, वाट बंद होते, जीव गुदमरतो, मग मेंदू दचकवून जागं करतो. श्वास घेतला की पुन्हा झोप, पुन्हा तेच. "तुम्ही झोपताच कुठे?" त्या म्हणाल्या. "तुम्ही रात्रभर बुडताय आणि वर येताय. यावर उपाय आहे, मास्क लावून झोपायचं. पण आधी तपासणी. एक रात्र केंद्रात जाऊन झोपायचं, अंगाला तारा लावतात. ती होईपर्यंत लांबच्या खेपा बंद. आणि त्रास फार निघाला तर उपचार लागू पडेपर्यंत गाडीच बंद."

एवढ्या बोलण्यातलं थोरल्याच्या कानात राहिलं ते शेवटचं वाक्य.

धाकटा रंगारी होता. अंगाने काडी, परांचीवर माकडासारखा चढायचा, आणि झोप अशी की शेजारी निजलेल्याला कूस बदललेली कळू नये. थोरला त्याला शोधत गेला तेव्हा तो एका नव्या इमारतीच्या जिन्यात डबा खात बसला होता.

"एक काम आहे रे," थोरला म्हणाला. "सांगायला लाज वाटते."

"तुला? लाज?" धाकट्याने घास हातात धरून वर बघितलं. "बस तरी. तू उभा राहिलास की उजेड अडतो."

थोरल्याने सांगितलं. चरातल्या माणसाचं सोडून बाकी सगळं.

धाकटा पोट धरून हसला. "म्हणजे मी फक्त झोपायचं? दादा, आयुष्यात पहिल्यांदाच मला जमण्यासारखं काम आणलंस."

"ओळखपत्रावर फोटो माझा आहे. जुना. तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो."

"मग अडलं कुठे? एक रात्र तू मी, मी तू."

तो गेला आणि सकाळी परत आला. केसांत गोंद चिकटलेला, कपाळावर गोल वळ. मशीनवाला खूश होता म्हणे, असेच पेशंट यावेत म्हणाला. निघता निघता धाकटा दारात थांबला आणि डोकं खाजवत राहिला.

"एक गंमत झाली, दादा. पहाटे त्याने उठवायला तुझ्या नावाने हाक मारली. मी गाढ झोपेत. आणि मी ओ दिली."

"द्यायचीच होती की."

"हो, पण आठवून नाही दिली रे." त्याने केसांतला गोंद ओढून काढला. "कसं सांगू? ती माझीच हाक होती."

३

ज्या दिवशी 'निर्दोष' असा निकाल आला, त्या रात्री थोरला नेहमीसारखा झोपला आणि एकदम सकाळ झाली. मधलं काही नव्हतंच. डोळे उघडले तर बायको उशाशी बसली होती, चेहरा पांढरा फटक.

"काय झालं?"

"काही नाही." तिने त्याच्या नाकापुढे धरलेला हात मागे घेतला. "आवाज येईना, म्हणून बघायला आले. मला वाटलं..." तिने पुढचं गिळून टाकलं, आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता तिने डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात तिची उशी परत आत आली. मुलीच्या कानांतले बोळे गेले. अड्ड्यावर लोक म्हणाले, "इंजिन बंद पडलं रे!" आणि शेजारी गाडी लावू लागले. थोरल्याचं डोकं धुऊन काढल्यासारखं स्वच्छ झालं. ज्या रस्त्याने इतकी वर्षं गेला, तो त्याने पहिल्यांदा पाहिला. एका वळणावर तळं होतं. हे तळं कधी आलं, असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि तळं तिथे पहिल्यापासूनच होतं.

डॉक्टरीणबाईंना चकवल्याची बोच होतीच. पण निरोगी माणसाची बोच ती! भूक लागते, झोप लागते आणि मग बोच विसरते. भीतीनेच घोरत होतो, असं त्याने स्वतःला पटवलं. भीती गेली, घोरणं गेलं.

मग एका दुपारी तळ्याचं वळण मागे पडल्यावर त्याला तो आवाज ऐकू आला.

आधी वाटलं, हवेच्या ब्रेकची नळी कुठेतरी फुटली. घर्र करून काहीतरी ओढलं जायचं, मग फुस्स. पुन्हा घर्र, पुन्हा फुस्स. इंजिनाच्या आवाजाखाली, अगदी जवळ, मानेच्या मागे. त्याने वेग कमी केला. आवाज कमी झाला नाही. त्याने काच वर केली. आवाज मोठा झाला. मग आवाज थांबला, आणि थोरल्याला बरं वाटलं. बऱ्याच वेळाने, बुडालेला माणूस पाण्यावर आल्यावर जसा ओढतो तसा एक खोल, फाटका हुंदका पडद्यामागून आला.

त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, फेरी मारून पलीकडचं दार उघडलं आणि पडदा सरकवला. फळीवर घडी घातलेली चादर होती, पाण्याची बाटली होती. बाकी काही नव्हतं. चादरीवर त्याने हात ठेवला. ती कोमट होती. ऊन होतं, आणि खाली इंजिन होतं, तेव्हा चादर कोमट असणारच.

४

अड्ड्यावरचा फिटर म्हातारा होता आणि गाडीचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. त्याने नळ्या तपासल्या, टाकी तपासली, मग केबिनमध्ये बसून थोरल्याबरोबर एक चक्कर मारली.

"मला काही ऐकू येत नाही बाबा."

"आता थांबलाय. तू बसलास की थांबतो."

"दुखणंही तुझ्यासारखंच लाजाळू दिसतंय. बरं, आवाज करून दाखव."

थोरल्याने आजूबाजूला बघितलं. मग तोंडाने आवाज काढला. घर्र... फुस्स. घर्र... फुस्स. मग गप्प राहिला, बराच वेळ गप्प राहिला, आणि शेवटी छाती फुगवून तो गुदमरलेला हुंदका काढून दाखवला.

फिटर हसून हसून खोकायला लागला. "अरे गाढवा! ही काय गाडी आहे?"

"मग?"

"हा तर तू आहेस. सगळ्या अड्ड्याने इतकी वर्षं ऐकलेलं तुझं घोरणं. अगदी हुबेहूब! तो मधला विराम पण. आम्ही पैज लावायचो, आता परत सुरू होतो की गेला."

थोरला हसला नाही. आजवर त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं की साऱ्या जगाने ऐकलेली ही एक गोष्ट त्याने स्वतः कधीच ऐकली नव्हती. मग त्याने तिची इतकी अचूक नक्कल कुठून केली?

त्या रात्री तो बायकोला म्हणाला, "मी घोरायचो तेव्हा माझा श्वास थांबायचा का गं?"

"थांबायचा," ती म्हणाली. "मी बाहेरच्या खोलीत गेले ना, ती आवाजाने नव्हे. आवाज चालू असला की मला झोप लागायची. थांबला की मी उठून बसायचे."

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

५

पुढची बातमी तिनेच आणली, तीही हसत. धाकट्याच्या बायकोचा फोन आला होता. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत.

"धाकटी म्हणत होती, भाऊजी घोरायला लागलेत. आणि काय घोरणं! सगळी चाळ जागी. काल म्हणे जेवता जेवता ताटावरच डुलकी लागली. मी म्हटलं, अगं, आमच्याकडून उठलं ते तुमच्याकडे जाऊन बसलं की काय!"

थोरल्याचा घास घशातच अडकला. मुलीने पाणी दिलं.

"त्याचं वजन वाढलंय का?" त्याने विचारलं.

"वजन कुठलं? आणखीच वाळलाय म्हणे."

थोरल्याने आपल्या मनाची समजूत घातली. रंगाच्या वासाने घसा खराब होतो. वय होतं. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या की अशी दुखणी घराण्यात असतात. हे शेवटचं त्याला फार आवडलं. तो ते रोज सकाळी, हात-तोंड धुताना, स्वतःला सांगायचा. भावाला भेटायला मात्र गेला नाही. दोनदा धाकट्याचा फोन आला, दोन्ही वेळा त्याने वाजू दिला. काय बोलणार होता? मला फार छान झोप लागते रे, असं?

खरी लाज तीच होती. त्याला छान झोप लागत होती. रोज, अगदी रोज. लाजेने सुद्धा ती मोडत नव्हती. आणि ती परत द्यायचा विचार मनात आला, की अंगातला प्रत्येक सांधा नको म्हणायचा.

गाडीत मात्र दुसरं कुणीतरी झोपायचं. सकाळी नाही, दुपारी. माणसाला जेवल्यावर पेंग येते त्या वेळेला. थोरला आता त्या आवाजाबरोबर गाडी चालवायला शिकला होता. घर्र, फुस्स. मग तो विराम. विराम सुरू झाला की त्याचाही श्वास अडायचा. पुढे वाटेवर नदीवरचा लांब पूल लागायचा. एकदा पुलाच्या तोंडाशी आवाज थांबला आणि अर्धा पूल झाला तरी आला नाही. त्याचे हात स्टिअरिंगच्या चाकावर घामाने निसटायला लागले. मागे वळून बघावं, पडदा ओढावा, असं त्याच्या मनात आलं. त्याने वळून बघितलं नाही.

आणि पुलाच्या मध्यावर, त्या शांततेत, त्याच्या मनात एक विचार येऊन गेला. त्याने बोलावला नव्हता. पण आला, आणि त्याने तो हाकललाही नाही. एकदाचा थांबूनच जाईल तर बरं.

पूल संपला. श्वास आला नव्हता. पुढच्या उतारावर तो आला, पण तो श्वास नव्हताच. ती किंकाळी होती.

थोड्या वेळात फोन वाजला. धाकटा परांचीवरून पडला होता. ब्रश हातात तसाच होता म्हणे. बरोबरचे सांगत होते, तो पाय घसरून पडला नाही. उभ्या उभ्या झोपला.

६

मांडीचं हाड मोडलं होतं. जीव वाचला तो खालच्या वाळूच्या ढिगाने. दवाखान्याच्या लांब मार्गिकेत धाकटी भिंतीला टेकून उभी होती, थोरल्याची बायको तिचा हात धरून. ऑपरेशन करायचं होतं. भूल देणारे डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, घाईत होते.

"रात्री घोरतात का हे?"

"हो," धाकटी म्हणाली. "पण हल्लीच. दमतात फार."

"झोपेत श्वास अडतो? थांबतो?"

"ते नाही सांगता येणार. दिवसभर घरकाम, मग माझाही डोळा लागतो."

"कधी झोपेची तपासणी केलीय?"

"नाही, डॉक्टर."

थोरला पायांकडे बघत होता. खरं सांगायचं तर तपासणी झाली होती आणि ती निर्दोष होती. खरं सांगितलं असतं तर डॉक्टर निर्धास्त झाले असते, आणि त्यांनी निर्धास्त होता कामा नये, हे त्या मार्गिकेत एकट्या थोरल्याला माहीत होतं. डॉक्टर वळले. दारापर्यंत गेले.

"थांबतो," थोरला म्हणाला.

"काय?"

"त्याचा श्वास थांबतो. पुष्कळ वेळ थांबतो."

"तुम्ही ऐकलंय?"

"रोज ऐकतो."

"कसा थांबतो, सांगता येईल?"

सांगता येईना. शब्द सापडेनात. बाकावर पेशंटांचे नातेवाईक बसले होते, एक म्हातारी केळं सोलत होती, फरशी पुसणारा माणूस बादली घेऊन थांबला होता. त्या सगळ्यांच्या मध्ये उभा राहून त्या अवाढव्य माणसाने तोंड उघडलं आणि घोरून दाखवलं. घर्र. फुस्स. घर्र. मग तो थांबला. कुणीतरी फिस्सकन हसलं. तो थांबूनच राहिला. चेहरा लाल झाला, मग जांभळा, गळ्याच्या शिरा वर आल्या. हसणारा गप्प झाला. म्हातारीच्या हातातलं केळं तसंच राहिलं. शेवटी त्याने तो फाटका हुंदका ओढला, आणि ओढता ओढता त्याला खरंच रडू फुटलं.

डॉक्टर परत आले होते. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले, आता घाई नव्हती त्यांना. "वेगळी काळजी घ्यावी लागेल. हे कळलं नसतं तर अवघड होतं."

ऑपरेशन चालू असताना थोरल्याने धाकटीपुढे मान खाली घातली. "माझ्या तपासणीला मी गेलो नव्हतो. त्याला पाठवलं होतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. दादासाठी झोपून आलो म्हणाले. केवढे खूश होते!" तिने नाक पुसलं. आवाजात कुठेच राग नव्हता. "पण तेव्हा तर सगळं चांगलं निघालं होतं ना, भाऊजी? मग हे आलं कुठून?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

७

धाकटा वाचला. त्याला झोपताना लावायचा मास्क मिळाला, नाकावर बसणारा, नळीचा, शेजारी सूं सूं करणारं मशीन. परांची मात्र कायमची सुटली. आता तो घरी बसून दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि दुपारी जेवून आडवा व्हायचा.

थोरला आपण होऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्याने सगळं सांगितलं, चरातला माणूस सुद्धा. बाई इतक्या संतापल्या की त्यांचा आवाज बाहेर ऐकू गेला. थोरल्याला त्या रागाने बरं वाटलं. बाईंनी त्याची गाडी बंद केली, कंपनीला कळवलं, आणि त्याला स्वतःला तारा लावून झोपवलं. आता निकाल वाईट येईल, आपलं आपल्याकडे परत येईल आणि तिकडे भाऊ मोकळा होईल, या आशेने तो तिथल्या गादीवर पडला. पडल्या पडल्या त्याला झोप लागली.

"लहान मुलासारखी झोप आहे तुमची," निकाल बघून बाई म्हणाल्या. त्यांनी तो दोनदा बघितला. मग चष्मा काढला. "काहीच नाहीये तुम्हाला. मग भावाला कशाला पाठवलंत? उगीच घाबरलात ना?"

कंपनीने ताकीद दिली आणि गाडी परत दिली. अड्ड्यावर कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. इतका शरमिंदा तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

पडद्यामागचा आवाज बदलला. घरघर गेली. आता दुपार झाली की मागून बारीक, एकसारखी सूं सूं येई, आणि तिच्याखाली शांत श्वास. थोरला त्या आवाजाला जपून गाडी चालवायचा, खड्डे चुकवायचा, हॉर्न वाजवायचा नाही. पेट्रोलपंपावर एकदा, फक्त एकदा, पैसे देताना त्याची नजर मागे गेली. पडदा खालून थोडा उचललेला होता. एक टाच दिसली. वाळकी, भेगाळलेली, भेगांत निळा रंग. त्याने मान फिरवली आणि सुटे पैसे घ्यायचेच विसरला.

मग तो दिवस आला. पुलाच्या तोंडाशी सूं सूं बंद पडली. एकदम, बटण दाबल्यासारखी. घर्र. फुस्स. घर्र. आणि मग काहीच नाही.

थोरल्याने वाट बघितली. अर्धा पूल गेला. पुलावर थांबायला जागा नव्हती. त्याने एक हात चाकावर ठेवला आणि दुसरा मागे नेला, पडद्याच्या आत. रस्त्यावरून नजर काढता येत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. पूल पूर्ण रिकामा होता.

बोटांना आधी चादर लागली. मग खांदा लागला. ऊबदार, हाडकुळा, लहानपणी एका गादीवर झोपताना रोज अंगाला लागायचा तोच. त्याने तो धरला आणि हलवला. "ऊठ," तो म्हणाला. "ऊठ रे." खांदा ढिला होता, हलवावा तसा हलत होता. त्याने आणखी जोरात हलवला. पुलाचं दुसरं टोक जवळ आलं. हाताखाली ती छाती एकदम वर आली आणि खोल, मोठा श्वास आत गेला.

पूल ओलांडून त्याने गाडी थांबवली आणि फोन लावला. धाकटीने उचलला.

"तुम्हाला कसं कळलं, भाऊजी? आत्ताच वीज गेली हो, मशीन बंद पडलं. मी मागे कपडे वाळत घालत होते. धावत आले तर हे उठून बसलेले, घामाने चिंब. देते त्यांना."

फोनवर बराच वेळ नुसता श्वास होता.

"दादा," धाकटा म्हणाला. आवाज जागा होता, आणि थकलेला. "तू गाडी चालवत होतास. मला तुझी पाठ दिसत होती. हात मागे करून मला हलवलंस."

थोरल्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"मी तुला हाका मारत होतो. एकदा तरी वळून बघायचं होतंस रे."